रीडमीच्या पुढे जाऊ द्या: संगणक प्रयोगशाळांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य, संगणक व माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुख आणि प्रयोगशाळा सहायक,
महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालये

विषय: मुक्त सॉफ्टवेअरमध्ये खरे योगदान देता येईल अशी लॅब तयार ठेवण्याबाबत

सविनय नमस्कार,

ऑक्टोबर आला की आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यशाळा भरतात. सकाळी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडायचे, दुपारी कुठलीतरी रिपॉझिटरी (प्रकल्पाचे कोडभांडार) फोर्क करायची म्हणजे तिची आपली प्रत काढायची, प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एक ओळ घालून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवायची आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन घरी जायचे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (मुक्त सॉफ्टवेअरला योगदान देण्याचा ऑक्टोबरमधला ऑनलाइन उपक्रम) जगभरातून अशा रिकाम्या पुल रिक्वेस्टचा एवढा लोंढा आला की आयोजकांना ऐन महिन्यात नियम बदलावा लागला: जो प्रकल्प स्वतःहून होकार देईल, त्यालाच पाठवलेली पुल रिक्वेस्ट मोजायची. विद्यार्थी रीडमीपाशीच का थांबतात, याचे उत्तर आपण त्यांच्या आळसात शोधतो. ते बहुतेकदा लॅबमध्ये असते. रीडमी बदलायला काहीच कंपाइल करावे लागत नाही. कोडची एक ओळ बदलायची तर आधी तो प्रकल्प आपल्या मशीनवर बिल्ड व्हायला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार व्हायला हवा, आणि लॅबच्या मशीनवर तो होत नाही.

का होत नाही आणि काय केले तर होईल, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना कोटेशन, खरेदी समिती, डेड स्टॉक रजिस्टर यांपैकी काही लागत नाही. लागते ती फायरवॉलमधली एखादी नोंद, नाहीतर लॅब असिस्टंटची एक दुपार.

उदाहरणाला लिबरऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर घेतो. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झालेला हा प्रकल्प मुख्यतः सी प्लस प्लसमध्ये आहे आणि अवाढव्य आहे. ज्या लॅबमध्ये तो बिल्ड होतो, तिथे पायथनचा सीपायथन किंवा गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) स्वतः किरकोळीत बिल्ड होतात. दुसरे कारण मराठीचे. महिन्यांची, वारांची नावे, तारखेची मांडणी ही सगळी मराठीची माहिती लिबरऑफिसच्या कोडमध्ये एका एक्सएमएल फाइलीत आहे आणि ती कोणीही सुधारू शकतो. याहून अवघड कामेही आहेत. ‘तऱ्हा’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना ते दोन निराळे शब्द ठरतात. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. मराठी वळणाचे ल आणि श काही फॉण्टांत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असली तरच ते उमटतात. हिंदी नोंदली असेल तर हिंदी वळण येते. अशा गोष्टी बर्लिनमधल्या प्रोग्रॅमरच्या डोळ्यांना खुपणार नाहीत. त्या ज्यांना खुपतात, ती मुले आपल्या लॅबमध्ये बसली आहेत.

आता मुद्द्याचे. (आज्ञांची नावे खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टंकायची अर्थातच रोमनमध्ये.)

सर्वांत आधी नेटवर्क, कारण नव्वद टक्के विद्यार्थी तिथेच गळतात असे म्हटले तरी चालेल. गिट क्लोन (रिपॉझिटरी इतिहासासकट उतरवणे) मध्येच तुटला तर गिट उतरलेला भाग ठेवत नाही. पुन्हा शून्यापासून सुरुवात. लिबरऑफिसचा पूर्ण इतिहास काही जीबींचा आहे. आपल्या वायफायचे लॉगिन पान दर तासा-दोन तासांनी सत्र संपवते, आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावर ‘अर्ली ईओएफ’ असा संदेश येतो. तो म्हणतो, गिट बिघडले. गिटला काही झालेले नसते. वीस मुलांनी एकाच वेळी क्लोन सुरू केला तर उरलेली बँडविड्थही जाते.

उपाय एकच आणि फुकटचा: लॅबच्या सर्व्हरवर एक मिरर, म्हणजे रिपॉझिटरीची हुबेहूब प्रत. ‘गिट क्लोन’ला ‘मिरर’ हा पर्याय देऊन रिपॉझिटरी एकदा उतरवायची आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) रात्री दोनला ‘गिट रिमोट अपडेट’ लावायचे. तो मिरर लॅबच्या मशीनवर वाचण्यापुरता माउंट करायचा. विद्यार्थी मूळ पत्त्यावरूनच क्लोन करतात, पण ‘रेफरन्स’ या पर्यायाने मिररची वाट दाखवतात. मग इंटरनेटवरून फक्त कालपासूनचा फरक येतो. यात एक खड्डा आहे. रेफरन्सने केलेला क्लोन मिररमधल्या ऑब्जेक्टवर अवलंबून राहतो. सर्व्हरवर गिटची साफसफाई चालली आणि जुने ऑब्जेक्ट पुसले गेले, तर विद्यार्थ्याचा क्लोन मोडतो. म्हणून मिररवर ‘जीसी डॉट प्रूनएक्स्पायर’ची किंमत ‘नेव्हर’ ठेवा. डिस्कची चिंता नसेल तर विद्यार्थ्यांना ‘डिसोसिएट’ हा पर्यायही जोडायला सांगा. ऑब्जेक्टची प्रत त्यांच्याकडे येते आणि अवलंबन संपते. शिवाय एप्रिल २०२२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत काम करायला नकार देते, ‘ड्यूबियस ओनरशिप’ असे सांगून. तिथे मिररचा मार्ग संपूर्ण यंत्रणेच्या गिट कॉन्फिगमध्ये ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ म्हणून नोंदवायचा. भाषांतरे वेगळ्या सबमॉड्यूलमध्ये असतात, तेव्हा मराठी बिल्ड करायचा तर त्यांचाही मिरर हवा.

मिरर जमत नसेल तर ‘डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन करता येतो. तो लवकर उतरतो. पण मग ‘गिट ब्लेम’ प्रत्येक ओळ त्या एकाच कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) नावावर खपवतो, आणि ही ओळ कोणी, का लिहिली हेच तर नवख्याला हवे असते. नंतर ‘गिट फेच’ला ‘अनशॅलो’ देऊन इतिहास भरून काढता येतो, मात्र तेव्हा तीच मोठी उतरवणूक पुन्हा समोर येते.

प्रॉक्सी असेल तर ती तीन ठिकाणी सांगावी लागते आणि आपले सूचनापत्रक बहुधा एकच सांगते. शेलच्या एचटीटीपी प्रॉक्सी आणि एचटीटीपीएस प्रॉक्सी या चलांमधून ती गिट आणि कर्लला कळते. ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणे) मात्र ही चले टाकून देतो, म्हणून सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ॲप्टला ती दिसत नाही; ॲप्टच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये ती वेगळी नोंदवावी लागते. तिसरे एसएसएच, ज्याला या चलांशी देणेघेणेच नसते.

काही महाविद्यालयांची फायरवॉल एचटीटीपीएस वाहतूक उघडून तपासते आणि स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करते. मग ‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’ ही त्रुटी येते. विद्यार्थी इंटरनेटवर पाहून गिटची ‘एसएसएल व्हेरिफाय’ तपासणीच बंद करतात, आणि ती सवय पुढे नोकरीतही घेऊन जातात. योग्य मार्ग पाच मिनिटांचा आहे: महाविद्यालयाच्या फायरवॉलचे मूळ प्रमाणपत्र पीईएम स्वरूपात, ‘सीआरटी’ हेच एक्स्टेन्शन ठेवून, यूझर-लोकल-शेअरमधल्या सीए सर्टिफिकेट्स फोल्डरमध्ये टाकायचे आणि ‘अपडेट सीए सर्टिफिकेट्स’ ही आज्ञा चालवायची. एक्स्टेन्शन दुसरे असेल तर आज्ञा ती फाइल गुपचूप वगळते. जावा आणि नोड स्वतःची यादी बाळगतात. त्यांना वेगळे सांगावे लागते.

आणखी एक गंमत. लिबरऑफिसचा बिल्ड पहिल्या वेळी बाहेरच्या लायब्ररींचे टारबॉल (एकत्र बांधलेल्या फाइली) उतरवतो आणि प्रत्येकाचा शा-२५६ चेकसम जुळवतो. फायरवॉलने एखादा पत्ता अडवला की टारबॉलच्या नावाने ‘ही साइट प्रतिबंधित आहे’ असे सांगणारे एचटीएमएल पान उतरते, आणि बिल्ड चेकसम जुळत नाही म्हणून थांबतो. चेकसमची तक्रार दिसली की आधी ती फाइल मजकूर म्हणून उघडून पाहा. हे टारबॉलही एकदाच उतरवून सर्व्हरवर ठेवावेत आणि ‘विथ एक्स्टर्नल टार’ या पर्यायाने सगळ्यांना तेच फोल्डर दाखवावे.

फायरवॉलमध्ये बाहेर जाणारे कोणते दरवाजे उघडावेत? गिटहबसाठी पोर्ट २२, आणि लिबरऑफिसच्या गेरिटसाठी, म्हणजे पाठवलेले बदल तपासले जातात त्या सर्व्हरसाठी, २९४१८. उघडायचे नसतील तरी हरकत नाही: गिटहब एसएसएच ४४३ वरही देते, त्यासाठी होस्टच्या नावापुढे ‘एसएसएच डॉट’ लावलेला पत्ता वापरायचा; आणि गेरिटला एचटीटीपीएसवरून पॅच पाठवता येतो, पासवर्ड गेरिटच्या सेटिंगमध्ये तयार करून. हे लॅबच्या भिंतीवर लिहून लावा. एसएसएच कळ (लॉगिनची डिजिटल किल्ली) उत्तम बनवली, पण ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येते, म्हणून सात वेळा नवी कळ बनवणारा विद्यार्थी प्रत्येक बॅचमध्ये असतो.

मशीनकडे वळू. एकेक सी प्लस प्लस फाइल कंपाइल होताना अंदाजे एक जीबी रॅम धरावी, लिंकिंगला त्याहून बरीच जास्त. आठ कोअर आणि आठ जीबी असे मशीन असेल तर बिल्ड चालवणारे मेक आठ कामे एकदम काढते, रॅम संपते, आणि कर्नल कंपायलरलाच ठार करतो. पडद्यावर येते: ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी-वन-प्लस’. यात कोडची चूक नसते. ‘विथ पॅरलेलिझम’ चारवर किंवा दोनवर आणा. डीबग सिम्बॉल सगळ्याच कोडचे बनवू नका. ‘एनेबल सिम्बॉल्स’ला फक्त हव्या त्या मॉड्यूलची नावे द्या, उदाहरणार्थ रायटर या लिबरऑफिसच्या लेखन-प्रोग्रॅमचे एसडब्ल्यू आणि मजकूर रेखाटणारे व्हीसीएल. रॅम आणि डिस्क दोन्ही वाचतात. नवे घ्यायचेच असेल तर प्रोसेसरची पिढी वाढवण्याआधी रॅम सोळा जीबी करा आणि एसएसडी बसवा. डिस्कवर दर मशीनमागे शंभर जीबी मोकळी ठेवा.

उबंटू कुठले आहे तेही पाहा. १८.०४ मधला जीसीसी ७ हा सी प्लस प्लस २० जाणत नाही, त्यामुळे आजचा लिबरऑफिस तिथे पहिल्याच पायरीवर थांबतो. २४.०४ टाका. त्यानंतर ‘ॲप्ट बिल्ड-डेप लिबरऑफिस’ ही आज्ञा सगळे पूर्वसाहित्य आणते, पण मूळ स्थितीत ती ‘डेब-एसआरसी’ नसल्याची तक्रार करते. २४.०४ मध्ये सोर्सेस लिस्ट डॉट डी फोल्डरातल्या ‘उबंटू डॉट सोर्सेस’ फाइलमध्ये ‘टाइप्स’च्या ओळीत ‘डेब’च्या पुढे ‘डेब-एसआरसी’ जोडून ‘ॲप्ट अपडेट’ करायचे. एवढ्याच कामाला प्रशासकाचा पासवर्ड लागतो. पुढचे सगळे विद्यार्थी साध्या लॉगिनने करतो, कारण तयार प्रोग्रॅम ‘इन्स्टडिर’ फोल्डरमधूनच चालतो आणि ‘मेक इन्स्टॉल’ची गरज पडत नाही. तेव्हा मुलांना सुडो द्यावे लागेल ही भीती अनाठायी आहे.

बिल्डची मांडणी ‘ऑटोजेन डॉट इनपुट’ या फाइलमध्ये एका ओळीत एक पर्याय अशी लिहितात. लॅबसाठी ही पुरे:

एनेबल डीबीजीयूटिल
विदाउट जावा
विदाउट हेल्प
विथ लँग: इंग्रजी आणि मराठीचे संकेत
विथ पॅरलेलिझम: ४
विथ एक्स्टर्नल टार: सर्व्हरवरचे फोल्डर

मग ‘ऑटोजेन’ आणि पाठोपाठ ‘मेक’ला ‘बिल्ड-नोचेक’ हे लक्ष्य. नुसते मेक चाचण्याही चालवते, आणि पहिल्या दिवशी त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. फोल्डरच्या वाटेत कुठेही स्पेस नको. ‘टीवाय बॅच ए’ असे नाव मेकला पचत नाही.

चार कोअरच्या मशीनवर हा पहिला बिल्ड कित्येक तास घेतो. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये तो बसत नाही. साडेपाचला लॅबचा मेन स्विच पडतो. दुसऱ्या दिवशी मेक पुढून सुरू होते खरे, पण वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल अर्धवट राहते आणि लिंकर ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणून अडतो. ती एक फाइल पुसून मेक पुन्हा द्यायचे. सगळे पुसून नव्याने सुरू करायची गरज नसते. काही लॅबमध्ये त्याहून वाईट असते: मशीन बंद-चालू झाले की डिस्क मूळ स्थितीत आणणारे सॉफ्टवेअर बसवलेले असते. व्हायरसवर ते नामी आहे, बिल्डच्या मुळावर. अशा मशीनवर एक विभाग त्यातून वगळा आणि त्याला सर्वत्र एकच नाव द्या.

एकच नाव यासाठी की त्यामुळे पहिला बिल्ड विद्यार्थ्यांवर टाकायची वेळच येत नाही. सर्व्हरवर रात्री बिल्ड करून ठेवा आणि सकाळी आरसिंकने सगळ्या मशीनवर पोचवा. आरसिंकला ‘ए’ हा पर्याय हवाच. फाइलींच्या वेळा जशाच्या तशा राहिल्या नाहीत तर मेकला सगळेच नवे वाटते आणि ते पहिल्यापासून कंपाइल करायला घेते. बिल्डच्या फाइलींमध्ये पूर्ण मार्ग कोरलेले असतात, म्हणून सर्व्हरवर आणि मशीनवर वाट अक्षरशः तीच असली पाहिजे. याच्या जोडीला सीकॅश बसवा: एकदा कंपाइल झालेले पुन्हा कंपाइल करावे लागत नाही. त्याची मूळ मर्यादा पाच जीबी आहे, लिबरऑफिसला ती तोकडी पडते आणि कॅश भरत-रिकामी होत राहते. तीस जीबीच्या आसपास न्या. एका मशीनवर अनेक विद्यार्थी असतील तर कॅशचे फोल्डर एका गटाच्या मालकीचे करून ‘युमास्क’ ००२ ठेवा, नाहीतर पहिल्याने साठवलेले दुसऱ्याला वापरता येत नाही. होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) असेल तर बिल्ड तिथे नको. लाखभर बारीक फाइलींनी सर्व्हर आणि विद्यार्थी दोघेही टेकीला येतात.

विंडोजच्या लॅबसाठी सोयीचा मार्ग डब्ल्यूएसएल २. त्यासाठी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू लागते, आणि बायोसचा पासवर्ड बहुधा पुरवठादाराकडेच राहिलेला असतो. तो मागून घ्या. डब्ल्यूएसएल एकूण रॅमपैकी निम्मीच घेतो, म्हणजे आठ जीबीच्या मशीनवर चार. कोड सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलच्या आतच ठेवायचा. बाहेरची प्रत्येक फाइल उघडायला वेळ जातो. विंडोजच्या गिटने क्लोन केलेला कोड आत कॉपी केला तर ओळींची टोके बदललेली असतात आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ येते. क्लोन आतूनच करावा.

एक फुटकळ वाटणारी बाब: मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. तो संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते, एचटीटीपीएसची प्रमाणपत्रे ‘अजून लागू नाहीत’ असे म्हणू लागतात आणि मेक ‘क्लॉक स्क्यू’चा इशारा देत चुकीच्याच फाइली कंपाइल करते. सेल बदला, किंवा निदान एनटीपीचे यूडीपी १२३ उघडा.

आता लॉगिन. सगळ्या मशीनवर ‘स्टुडंट’ हे एकच खाते ही आपली जुनी सोय इथे घातक आहे. पहिल्या बॅचमधल्या मुलीने गिटमध्ये आपले नाव आणि ईमेल ग्लोबल म्हणून नोंदवले की पुढच्या तीन बॅचचे सगळे कमिट तिच्या नावावर जातात. तिची खाजगी एसएसएच कळही तिथेच पडून असते. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्या. ते होईपर्यंत निदान नाव-ईमेल रिपॉझिटरीपुरते नोंदवायला आणि कळीला पासफ्रेज लावायला शिकवा.

नावाला इथे कायद्याचे वजनही आहे. लिबरऑफिसमध्ये योगदान देणारा प्रत्येकजण आपले काम एमपीएल २ आणि एलजीपीएल ३ किंवा पुढील आवृत्ती या परवान्यांखाली देत असल्याचे स्वतःच्या ईमेलवरून एकदा कळवतो. विद्यार्थ्याने लिहिलेल्या कोडवर आपले महाविद्यालय हक्क सांगत असेल, तर हे निवेदन तो प्रामाणिकपणे करू शकत नाही. विभागप्रमुखांच्या सहीचे अर्ध्या पानाचे पत्र हा प्रश्न मिटवते: मुक्त प्रकल्पांना दिलेल्या योगदानावर महाविद्यालयाचा दावा नाही. हे काम लॅब असिस्टंट करू शकत नाही, ते आपणच करायचे आहे.

टर्म वर्कबद्दलही थोडे. पुल रिक्वेस्टच्या संख्येवर गुण दिले तर रीडमीच बदलले जाणार. पॅच स्वीकारला गेला की नाही यावरही देऊ नका. समीक्षक स्वयंसेवक असतात आणि त्यांच्या सवडीला आपले सेमिस्टर माहीत नसते. गुण द्यावेत ते बिल्डच्या लॉगला, बगझिला या दोषांच्या नोंदवहीतला एखादा दोष स्वतःच्या बिल्डमध्ये पुन्हा घडवून दाखवल्याला, आणि गेरिटवर आलेल्या शेऱ्यानुसार पॅचची दुसरी आवृत्ती केल्याला. सुरुवातीला बगझिलावर ‘ईझीहॅक’ ही खूण असलेले दोष घ्यावेत. पॅच पाठवायला रिपॉझिटरीतच ‘लॉगेरिट’ नावाची स्क्रिप्ट आहे. आधी तिचा ‘सेटअप’ चालवावा लागतो. तो विसरू नये; कमिटच्या संदेशात ‘चेंज आयडी’ची ओळ नसेल तर गेरिट पॅच दारातूनच परत पाठवतो.

लॅब तयार झाली की नाही हे पाहायला आमची एक सूचना. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला नवे लॉगिन द्या. त्याने एका प्रॅक्टिकलच्या वेळात रायटरच्या कोडमध्ये डीबग संदेशाची एक ओळ घालावी, ‘मेक एसडब्ल्यू’ने तेवढेच मॉड्यूल बिल्ड करावे, ‘इन्स्टडिर’मधून रायटर उघडून तो संदेश टर्मिनलवर उमटलेला दाखवावा आणि तो बदल आपल्या नावाने कमिट करावा. नंतर मेन स्विच बंद करा, पुन्हा चालू करा, आणि त्याच विद्यार्थ्याला त्याच मशीनवर बसवून कमिट अजून तिथे आहे का ते पाहा.

कळावे,
आपले,
मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारे काही मराठी अभियंते